आवाज झकास, पण मागे पंखा!

व्हॉइसओव्हरची पहिली ऑडिशन आता स्टुडिओत होत नाही, ती होते तुमच्या बेडरूममध्ये. त्यामुळे तुमच्याबरोबर तुमची खोलीही परीक्षेला बसते. आणि बऱ्याचदा तीच नापास होते!

"तुझा आवाज रेडिओवर शोभेल हं!" हे वाक्य तुम्हाला कधी ना कधी कुणीतरी ऐकवलंच असेल. कॉलेजच्या गॅदरिंगला निवेदन केल्यावर, ऑफिसच्या ॲन्युअल डेला माइक हातात घेतल्यावर, किंवा साध्या कॉन्फरन्स कॉलवर. मग एखाद्या रविवारी डोक्यात किडा वळवळतो. नोकरी सांभाळून व्हॉइसओव्हर करता येईल का? येईल की! बरेच जण करतातही. कुणीतरी नंबर देतं, व्हॉट्सॲपवर चार ओळींचं स्क्रिप्ट येतं, "संध्याकाळपर्यंत पाठवा" असा निरोप येतो. तुम्ही दहा वेळा वाचता, अकराव्या वेळी रेकॉर्ड करता आणि पाठवून देता.

आणि मग शांतता. ना होकार, ना नकार.

ही शांतता कुठून येते ते मला ठाऊक आहे, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. मी एका ॲड एजन्सीत मराठी कॉपी लिहिते. जाहिरात लिहून झाली की तिला साजेसा आवाज शोधणं हेही माझ्याच गळ्यात पडतं. त्यामुळे इतकी वर्षं मी जेवढं लिहिलंय, त्याहून जास्त ऐकलंय. आणि ज्यांना ती शांतता मिळाली त्यातल्या कित्येकांचा आवाज खरंच छान होता. अडचण आवाजाच्या आजूबाजूला होती.

दहा सेकंदांचा खेळ

पलीकडे काय चालतं ते आधी सांगते. एका जाहिरातीसाठी तीस-चाळीस फाइल्स येतात. त्या ऐकायला वेळ असतो जेवणाच्या सुट्टीइतका. हेडफोन लावायचे, पहिली फाइल लावायची. दहा सेकंदांत आपलं मन ठरवून मोकळं होतं. ठेवायची की पुढे जायचं? ठेवलेल्या सहा-सात पुन्हा नीट ऐकायच्या, त्यातल्या तीन क्लायंटकडे. आणि क्लायंट त्या कशावर ऐकतो? लॅपटॉपच्या स्पीकरवर, मोबाइलवर, नाहीतर गाडीत, ट्रॅफिकमध्ये.

आता यातली गंमत बघा. घुमणाऱ्या खोलीत रेकॉर्ड केलेली फाइल आली, तर "आवाज चांगला आहे, फक्त खोली घुमतेय" असा विचार करायला मला सवड असते. कारण माझं ते कामच आहे. क्लायंट तसा विचार करत नाही. तो म्हणतो, "हा आवाज जरा लांबचा वाटतोय. हलका वाटतोय. विश्वास बसत नाही याच्यावर." आवाज आणि खोली असे दोन भाग करून ऐकणं सामान्य कानाला जमत नाही. त्याला एकच गोष्ट ऐकू येते आणि ती तो तुमच्या नावावर जमा करतो. तुमच्या पंख्याची घरघर तुमच्याच खात्यात!

पूर्वी खोली सगळ्यांना सारखी होती

हे दुखणं तसं नवीन आहे. विविध भारतीवर १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूरहून जाहिराती सुरू झाल्या. तेव्हापासून कितीतरी वर्षं आवाजाची परीक्षा द्यायची तर तुम्हाला स्टुडिओत जावंच लागायचं. आकाशवाणी असो की जाहिरातींचा खासगी स्टुडिओ, जाड दाराआडची ती बंद खोली, तोच माइक, काचेपलीकडे तोच रेकॉर्डिस्ट. बाळ कुडतरकर किंवा अमीन सयानी यांचे आवाज आपल्या कानात बसले त्यात त्यांची कमाई तर होतीच, पण त्यांच्या मागे कुकरची शिट्टी कधी वाजली नाही, हेही खरं. खोलीची काळजी घेणारी माणसं वेगळी होती.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये स्टुडिओंना कुलपं लागली आणि लोकांनी कपाटात तोंड घालून रेकॉर्डिंग केलं. चेष्टा नाही, अक्षरशः कपाटात! स्टुडिओ पुन्हा उघडले, पण घरून ऑडिशन पाठवायची पद्धत टिकली. यात एक फार चांगली गोष्ट झाली. सोलापूर, अकोला किंवा सावंतवाडीत बसलेला माणूस आता अंधेरीच्या स्टुडिओच्या पायऱ्या न चढता शर्यतीत उतरू शकतो. दुसरी गोष्ट तितकीशी चांगली नाही. पूर्वी सगळे एकाच खोलीत परीक्षा द्यायचे, आता प्रत्येक जण आपापली खोली घेऊन येतो. ज्याच्या घरात शांत कोपरा आहे तो दोन पावलं पुढे. ज्याच्या वन आरकेमध्ये पाच माणसं आणि खिडकीबाहेर रेल्वेलाइन, तो मागे. हे न्याय्य नाही. पण अंतर भरून काढता येतं आणि त्याला वाटतो तितका पैसा लागत नाही.

मराठीला जरा जास्तच लागतं

"एवढं काय त्यात, शब्द कळले म्हणजे झालं!" असं वाटत असेल, तर जरा थांबा. आपल्या भाषेचे काही खास नखरे आहेत.

'जग' हा शब्द दोनदा म्हणून बघा. एकदा 'सारं जग' मधला आणि एकदा 'जग आणि जगू दे' मधला. लिहायला एकच, पण ज वेगळा. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च यांचंही तसंच. हा फरक बारीक घर्षणाचा आहे आणि तो आवाजाच्या वरच्या पट्टीत राहतो. 'स' चा बराचसा जोर तर साधारण ४,००० हर्ट्झच्या वर असतो. जुन्या टेलिफोन लाइनवरून जेमतेम ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जायचा. म्हणून तर फोनवर नाव सांगताना आपण "स, ससा मधला स" असं म्हणायचो! आणि आज? बहुतेक ब्लूटूथ इअरफोन्सचा माइक सुरू झाला की ते कॉलच्या मोडमध्ये जातात आणि वरची पट्टी कापून टाकतात. तुम्ही शुद्ध, स्वच्छ मराठी बोललात, पण माझ्यापर्यंत पोचलं ते बोथट होऊन. मी काय समजणार? उच्चार कच्चे आहेत!

दुसरा नखरा म्हणजे फ, भ, ख, थ ही हवा सोडणारी अक्षरं. माइकच्या थेट समोर तोंड ठेवून 'भरपूर फायदा' म्हणा. दोन फटाके वाजतील. आणि मराठी जाहिरातीत 'भरपूर' आणि 'फायदा' हे शब्द किती वेळा येतात ते मी तुम्हाला सांगायला नको, माझंच पाप आहे ते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. आणि वाक्याच्या शेवटी आपला आवाज आपोआप खाली उतरतो. आता हे वाक्य घ्या: 'ही गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका.' सगळा अर्थ त्या शेवटच्या 'नका' मध्ये आहे. खोलीत पंखा, फ्रीज, रस्ता यांचा गोंगाट असेल, तर पहिला बुडतो तो हा उतरता 'नका'. जे नेमकं ऐकू यायला हवं तेच पाण्याखाली! म्हणून मी ऑडिशन ऐकताना वाक्याची सुरुवात कमी आणि शेपूट जास्त ऐकते. चांगला कलाकार शेपटावरच कळतो. पण ते शेपूट मला ऐकू यायला हवं ना?

एक मुलगी, दोन फाइल्स

एक किस्सा सांगते. हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्या एका मुलीने आमच्याकडे एका विम्याच्या जाहिरातीसाठी ऑडिशन पाठवली. मला वाचन आवडलं, पण फाइल घुमत होती. नवीन फ्लॅट, टाइल्सची फरशी, भिंती मोकळ्या, पडदे अजून यायचे होते. आमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरने पाच सेकंदांत "पुढे" म्हटलं. मी तिला फोन करून सांगितलं, वाचनात काही बदलू नकोस, फक्त खोली बदल. तिने त्या रात्री पलंगावर दोन गाद्या उभ्या केल्या, वर आजीची गोधडी टाकली आणि त्या तंबूत बसून त्याच मोबाइलवर तेच स्क्रिप्ट वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी काही न सांगता ती फाइल लावली. डायरेक्टरसाहेब सावरून बसले. "ही नवीन मुलगी कोण?"

मुलगी तीच होती. फोन तोच होता. फरक एका गोधडीचा होता.

पुढे जे झालं ते आमच्या धंद्यात बरेचदा होतं, पण बाहेर फारसं माहीत नसतं. फिल्मचं एडिटिंग चालू असताना तात्पुरता आवाज लावावा लागतो, त्याला 'स्क्रॅच' म्हणतात. स्वच्छ ऑडिशन हाताशी असली की एडिटर तीच उचलून लावतो. मग ती फिल्म सगळे जण दहा-वीस वेळा बघतात. क्लायंटच्या कानाला तोच आवाज सवयीचा होतो. शेवटी "फायनलला कुणाला घ्यायचं?" असा प्रश्न येतो, तेव्हा अर्धा निकाल लागलेला असतो. तिचंही तसंच झालं. खराब फाइल कितीही छान वाचलेली असली, तरी स्क्रॅचला लागत नाही.

आधी गोधडी, मग माइक

नवखे लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुठला माइक घेऊ?" माझं उत्तर, "थांब, आधी खोली दाखव." महागडा कंडेन्सर माइक फार इमानदार असतो. तुमचा आवाज जितक्या इमानदारीने पकडतो, तितक्याच इमानदारीने शेजाऱ्यांची मिक्सरची घरघरही पकडतो. उघड्याबोडक्या खोलीत त्यापेक्षा चादरीखालचा मोबाइल बरा.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. एक म्हणजे घुमणं, म्हणजे तुमचाच आवाज भिंतींवर आपटून परत येणं. त्यावर मऊ आणि जाड कापड हा उपाय आहे. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट, गादी, रजई, गोधडी. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायच्या भानगडीत पडू नका, त्याने काही होत नाही. पातळ फोमही फक्त वरची पट्टी मारतो, आवाज उलट कोंदट होतो. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरचा गोंगाट. तो गोधडीने थांबत नाही. त्यावर उपाय एकच, वेळ निवडणं. मुंबईत रात्री अकरानंतर, किंवा पहाटे दूधवाल्याच्या आधी. एप्रिल-मेमध्ये कोकीळ पहाटेच सुरू होतो, त्याला कुणी सांगायचं? आणि पावसाळ्यात खिडकीवर पत्रा असेल तर हवामानाचा अंदाज बघूनच ऑडिशन द्या.

फ्रीज बंद करा. मात्र घराच्या चाव्या त्याच फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो परत सुरू करायची आठवण राहील. ही लोकेशनवरच्या साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे. पंखा बंद. हो, मे महिन्यातसुद्धा! दोन टेक, मग पाच मिनिटं पंखा, मग पुन्हा दोन टेक.

मग येतं अंतर. तोंडापासून माइक साधारण एक वीत लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'भ' आणि 'फ' ची हवा थेट त्यावर आदळणार नाही. अंतर दुप्पट केलंत की तुमचा आवाज जवळपास ६ डेसिबलनी उतरतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. फार जवळ गेलात तर बहुतेक माइक आवाजाला खोटा भारदस्तपणा देतात. ऐकायला छान वाटतं, पण स्टुडिओत तो उतरला की आम्हाला वाटतं माणूस बदलला!

साफसफाई जपून

आता प्रत्येक ॲपमध्ये एक जादूचं बटण असतं. दाबलं की गोंगाट गायब. पण त्याबरोबर श्वास, 'ह', आणि वाक्याचं ते मौल्यवान शेपूटही गायब होतं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. असा आवाज कानाला लगेच कळतो आणि मनात शंका येते: मूळ रेकॉर्डिंग किती वाईट असेल? साफ करण्यापेक्षा मुळात घाण कमी करा.

आकड्यांची आवड असेल तर एक माप देते. अमेरिकेतल्या एसीएक्स या ऑडिओबुक प्लॅटफॉर्मचा नियम आहे: तुम्ही गप्प असतानाचा गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली हवा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे ३ च्या वर जाता कामा नये. ऑडिशनला कुणी पट्टी घेऊन मोजत नाही, पण लक्ष्य म्हणून हे चांगलं आहे. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ते स्वतः तपासू शकता.

"पण अभिनयाचं काय?"

बरोबर प्रश्न. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरने आवाज दिला, 'पुष्पा'च्या २०२१ च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेने. दोघेही आपले मराठी, दोघेही आधी नट. लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा अभिनय. माइक कुठल्या कंपनीचा होता हे कुणीही विचारलं नाही. स्वच्छ आवाजाने काम मिळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. सपाट वाचन चकाचक रेकॉर्ड करून पाठवलं, तर ते फक्त चकाचक सपाट वाचन असतं.

पण अभिनय कुठे राहतो? शब्दांच्या मधल्या श्वासात, दबलेल्या हसूत, 'आई' म्हणताना किंचित ओल्या झालेल्या स्वरात. या सगळ्या हळू आवाजाच्या गोष्टी आहेत आणि गोंगाट पहिल्यांदा हळू आवाजच खातो. मग नकळत तुम्ही गोंगाटावर मात करायला जोरात बोलू लागता आणि संवादाचं भाषण होतं. म्हणजे खराब खोली तुमचा अभिनय फक्त झाकत नाही, ती तो बिघडवते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मोठ्या जाहिरातीचं फायनल रेकॉर्डिंग स्टुडिओतच होईल. पण नोकरी सांभाळून करता येतील अशी जी कामं असतात, म्हणजे ई-लर्निंगचे धडे, कंपनीच्या फिल्म्स, ॲपमधल्या सूचना, त्यातली बरीचशी घरूनच रेकॉर्ड करून द्यावी लागतात. तिथे ऑडिशन हा आवाजाचा नमुना असतोच, पण मालाचाही नमुना असतो. ऐकणारा विचार करतो, "हा माणूस मला शंभर पानं अशीच पाठवणार का?"

पाठवण्याआधी एवढं कराच

• ब्लूटूथ बाजूला ठेवा. फोनचा स्वतःचा माइक किंवा वायरचा माइक वापरा. फोन एअरप्लेन मोडवर.

• रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सगळ्यात वरची क्वालिटी निवडा. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये 'लॉसलेस' हा पर्याय असतो.

• वेव्ह फाइल मागितली असेल तर वेव्हच द्या. सांगितलं नसेल तर चांगल्या दर्जाची एमपीथ्री चालते.

• व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, जशीच्या तशी पोचेल.

• मागे संगीत लावू नका. आम्हाला ते लपवाछपवीसारखं वाटतं.

• फाइलला नाव द्या: तुमचं नाव, भाषा, जाहिरातीचं नाव. 'न्यू रेकॉर्डिंग १७' नावाच्या चार फाइल्स माझ्याकडे आत्ता पडून आहेत. कुणाच्या आहेत, देव जाणे!

• हेडफोनवर एकदा आणि मोबाइलच्या स्पीकरवर एकदा, शेवटपर्यंत ऐका. शेवटचा शब्द दोन्हीकडे स्पष्ट आला तरच पाठवा.

आणि यातलं काहीच आज जमणार नसेल, तर निदान एक करा. रात्री सगळे झोपल्यावर फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि अर्धा मिनिट एक अक्षरही बोलू नका. मग हेडफोन लावून, आवाज मोठा करून ते ऐका. फ्रीज, घड्याळ, वरच्या मजल्याचा नळ, लांबची मालगाडी. तुम्ही तोंड उघडायच्या आधी तुमची खोली काय काय बोलते ते कळेल. तिला गप्प बसवा, मग बोला. आम्ही ऐकतोय.